मासे खाल्ले होते का

आकडा भयंकर होता असं नाही. तसले आकडे त्याच्या टेबलावर येत आणि जात. पण त्या लघवीच्या बाटलीवरची चिठ्ठी त्याने स्वतःच्या हाताने चिकटवली होती, घरी, न्हाणीघराच्या दारात उभं राहून, आणि तेव्हा बाटली हाताला कोमट लागली होती. चिठ्ठीवर नाव घातलं नव्हतं. नाव दिसलं की प्रयोगशाळेतल्या बायका ‘सरांचे वडील का, काय होतंय त्यांना’ म्हणून चौकशा करणार, आणि कुणाला काही सांगत बसणं हल्ली त्याच्या जिवावर येई. म्हणून नुसता क्रमांक टाकला होता. तो क्रमांक आता पडद्यावर लाल अक्षरांत उमटला होता. शिसं जवळजवळ नाही, पारा नेहमीपेक्षा किंचित जास्त पण मर्यादेत, आणि आर्सेनिक मात्र मर्यादा ओलांडून पार पुढे गेलेलं. बाकी खोली होती तशीच होती. खिडकीखाली शीतपेटी घुरघुरत होती, कालचा चहाचा कप कुणी उचलला नव्हता, त्याच्या तळाशी साय वाळून बसली होती.

यंत्रावर बसणारी बाई दारात येऊन उभी राहिली. तिला पाठीमागे सगळे दशांशबाई म्हणत. घरी भाजीत मीठसुद्धा ती दशांश चिन्हानंतरची दोन घरं बघून घालते अशी तिची ख्याती होती.

“सर, तो एक फारच वर गेलाय. मी परत लावून बघितला, तेवढाच येतो. कळवायचं का कुणाला?”

“मी बघतो.”

“ओळखीतलं आहे का कुणी?”

“नाही,” तो म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ती मान हलवून गेली आणि तो पडद्याकडे बघत बसला.

आकडे काढणं हे त्याचं काम नव्हतं, आकडे वाचणं हे होतं. यंत्र आकडा देई, आणि त्याचा अर्थ काय ते डॉक्टर लोक त्याला फोन करून विचारत. इतकी वर्षं या खुर्चीत बसून त्याला एवढंच कळलं होतं की माणसं अर्थ आधी ठरवून येतात आणि मग त्याला शोभेलसा आकडा मागतात. मागे एक बाई पाकिटात स्वतःचे गळलेले केस घेऊन आली होती, जाऊ विष घालते म्हणून. डोळ्यांत पाणी, हातात पाकीट. त्याने केस बाजूला ठेवले आणि लघवी तपासायला लावली, तर आर्सेनिक खरंच वर. बाईने तिथेच खाली बसकण मारली. मग त्याने नेहमीचा प्रश्न विचारला: गेल्या तीनचार दिवसांत मासे खाल्ले होते का? खाल्ले होते, पोटभर, आणि तेही जावेनेच आग्रह करकरून वाढलेले. समुद्रातल्या माशांत आर्सेनिकचा एक गरीब प्रकार असतो. तो पोटात जातो आणि कुणाचं काही वाकडं न करता लघवीवाटे निघून जातो. मासे बंद करून पुन्हा तपासलं की आकडा खाली. हा किस्सा त्याने घरी जेवताना सांगितला होता. बायको हसली होती. बाबा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि बायकोनेच उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर बरेच दिवस ताटात जरा काही नकोसं पडलं की बाबा गंभीर तोंड करून विचारत, “मासे आहेत का गं यात?” आणि ती म्हणे, “नाही बाबा, साधं विषच आहे.”

तोच प्रश्न आता त्याने सवयीने मनातल्या मनात विचारला, आणि उत्तरही तितक्याच सवयीने आलं, की आपल्याकडे मासे होत नाहीत. त्या उत्तराच्या पाठोपाठ, कुणी न बोलावता, बायकोचा हात त्याच्या डोळ्यांपुढे आला. बाबांच्या ताटात वाढणारा हात, मनगटावर तेल उडाल्याचा जुना डाग असलेला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ तो विचार टिकला असेल. पण आला होता. त्याला स्वतःची शिसारी आली, आणि शिसारी आली म्हणून तो विचार काही परत गेला नाही. समोरच्या खुर्चीत येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा तो तिथेच राहिला.

फोन वाजला. कुठल्यातरी उपनगरातला एक नवखा डॉक्टर होता, आठवड्यातून एकदा तरी विचारणारा.

“सर, एक पेशंट आहे. मागच्या वर्षी पोटातल्या जंतूचा कोर्स झाला होता. आता परत जळजळ म्हणतोय. रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली. औषधं परत सुरू करू ना?”

“रक्तावरून काही करू नका,” तो म्हणाला. हे वाक्य त्याला झोपेतही म्हणता आलं असतं. “जंतू मेला तरी रक्तातली खूण लवकर जात नाही, कधीकधी वर्षानुवर्षं राहते. रक्त एवढंच सांगतं की कधीतरी येऊन गेला. आज आहे का ते बघायचं तर श्वासाची तपासणी करा, नाहीतर शौचाची. त्याआधी दोन आठवडे आम्लपित्ताच्या गोळ्या थांबवा, नाहीतर असलेला जंतूही दिसायचा नाही.”

“म्हणजे तोवर थांबू?”

“थांबा. ती औषधं म्हणजे काही चणेफुटाणे नाहीत. म्हातारं माणूस असेल तर तोंडची चवसुद्धा जाते.”

डॉक्टरने आभार मानले. त्याने फोन ठेवला. सगळं बोलणं होईपर्यंत त्याची नजर त्या लाल आकड्यावरून हलली नव्हती, आणि आपण काय बोललो हे त्याच्या कानांपर्यंतही पोचलं नव्हतं.

घरात मासे बंद झाले ते कुणी बंदी घातली म्हणून नव्हे. आई गेली त्या दुपारी तो जेवायला बसला होता, ताटात तळलेला मासा होता, आणि दवाखान्यातून फोन आला तसा तो अर्ध्या ताटावरून उठला. हात धुतले होते, चांगले साबण लावून. पण वॉर्डात तिचा हात हातात घेतला तेव्हा त्याच्या बोटांना वास येत होता, आणि तिचा हात गार होता, आणि पुढे ते दोन्ही त्याच्या मनात एकमेकांना कायमचे चिकटले. काही महिन्यांनी बायकोने घरात पुन्हा मासे केले तेव्हा तो काही न बोलता ताटावरून उठून गॅलरीत गेला. तेवढंच. दुसऱ्या दिवशी तिने मासे तळायचा खास तवा कुणालातरी देऊन टाकला. बाबा एकेकाळी मासा असा खात की काटे ताटाच्या कडेला ओळीने, लहानमोठे लावून ठेवत. त्यांनीही ब्र काढला नाही. त्याला कधी वाटलंही नाही की याबद्दल कुणाला काही विचारायला हवं होतं. घरातल्या मोठ्या गोष्टी अशाच न बोलता ठरत गेल्या होत्या: बाबांनी कुठे राहायचं, बायकोने नोकरी कधी सोडायची, बाबांना आंघोळीला कुणी धरायचं.

आणि आता ही चव. गेले काही दिवस बाबा म्हणत होते की तोंडाला लोखंड लागतं. नाणं चोखल्यासारखं. बायकोने भांडी बदलून पाहिली, पाणी उकळून पाहिलं, पातेलं फेकून नवं आणलं. बाबा घास तोंडात घोळवत बसत, मग हळूच ताट सरकवत. मान बारीक झाली होती, सदऱ्याची कॉलर तिच्याभोवती सैल उभी राही. एका संध्याकाळी तो त्यांच्या खोलीत गेला तेव्हा ते म्हणाले होते, “तुझ्या त्या मशीनमध्ये बघ ना एकदा. खाण्यात काहीतरी येतंय.”

“काय येणार खाण्यात?”

“मला काय ठाऊक? मी आपलं जे लागतं ते सांगतो.”

इतकंच बोलले होते. कुणाचं नाव घेतलं नव्हतं, आवाजातही काही नव्हतं. त्याने बाटली आणून दिली ती त्यांची समजूत काढायला. त्यांना एक कागद दाखवू, सगळं बरं आहे म्हणू, आणि विषय मिटेल. आयुष्यभर त्याने लोकांना हेच तर करू नका म्हणून सांगितलं होतं, की समजूत काढायला म्हणून कुठलीही तपासणी करू नये.

त्याने बायकोला फोन लावला. फोन वाजत असताना तो स्वतःला सांगत होता की हा फक्त नेहमीचा प्रश्न आहे, कुणालाही विचारतो तसा.

“ऐक, गेल्या तीनचार दिवसांत बाबांच्या खाण्यात मासे वगैरे काही आलं होतं का?”

पलीकडे चमचा ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. तो थांबला. एवढ्या साध्या प्रश्नाला माणसाला एवढा वेळ लागत नाही.

“मासे?” ती म्हणाली. “आपल्याकडे कुठले मासे?”

“नाही, बाहेरून काही आणलं असेल तर.”

“नाही रे.” आणि मग, “का? रिपोर्ट आला का बाबांचा?”

“नाही अजून. कामातलंच काहीतरी होतं.”

“बरं,” ती म्हणाली.

संध्याकाळी बसमध्ये त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. समोरच्या सीटवर एक माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. तो स्वतःही थकला होता, हाडापासून थकला होता, आणि अशा थकव्यात डोकं आपलं आपण चालू लागतं. त्याच्यातला शिकलेला माणूस नीट सांगत होता: नखांवर रेघा नाहीत, कातडीवर डाग नाहीत, हातापायांना मुंग्या नाहीत, शिवाय आर्सेनिकचे प्रकार वेगळे करणारी तपासणी लावून आलो आहोत, ती आल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. दुसरा कुणीतरी मात्र घरातल्या गोष्टी एकेक करून पुढे मांडत होता. एवढ्या थंडीत दुपारची स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी का असते. कचऱ्याची पिशवी हल्ली ती स्वतः खाली घेऊन जाते, गाठ मारून, त्याला हात लावू देत नाही. बाबांचं ताट वेगळं घासते, लिंबाची फोड घेऊन. एकदा तो लवकर घरी आला तेव्हा ती आणि बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि तो दिसताच दोघं गप्प झाले. आणि मागे कधीतरी, बाबांच्या चादरी घडी घालता घालता, ती त्याच्याकडे न बघता म्हणाली होती, “माझं आयुष्य बहुतेक याच्यातच जायचं.” तेव्हा तो वर्तमानपत्र वाचत होता. त्याने नुसतं ‘हं’ केलं होतं. ते वाक्य त्याला आत्ता ऐकू आलं, आणि त्यातला थकवा ऐकू यायच्या ऐवजी भलतंच काही ऐकू आलं. त्याने कपाळ काचेला टेकवलं. तिच्यासोबत इतकी वर्षं काढली, तिचा ताप, तिची बाळंतपणं, तिचं रडणं सगळं पाहिलं, आणि एका आकड्यापायी तिला आपण त्या केसवाल्या बाईच्या जावेशेजारी नेऊन बसवलं. हे त्याला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

जेवायला तिघं बसली. मुलं आपापल्या गावी होती. टेबलाच्या रिकाम्या बाजूला बाबांच्या औषधांचा डबा असे. तिने बाबांचं ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं, मग त्याचं, आणि स्वतःसाठी ताट घ्यायला वळली. बाबांनी घास केला. त्याचं लक्ष त्या घासाकडे होतं. आणि मग त्याचे हात उठले. त्याने ठरवलं नव्हतं. त्याने बाबांचं ताट स्वतःकडे ओढलं आणि आपलं त्यांच्यापुढे सरकवलं.

“हे घ्या बाबा. यात मीठ बेताचं आहे.”

ती वळली तेव्हा ताटं अजून पुरती जागेवर बसली नव्हती. तिने एका ताटाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. दोन्हींत एकाच पातेल्यातली भाजी होती. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला दिसलं की तिला सगळं कळलं. कळायला वेळ लागण्यासारखं काही नव्हतंच; केसवाल्या बाईचा किस्सा तिला पाठ होता.

“दुपारी मासे विचारत होतास,” ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. “आकडा वर आलाय ना?”

“अगं, तसं काही नाही.”

“कसला आकडा?” बाबांनी विचारलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. ते म्हातारे होते, पण खुळे नव्हते. सुनेच्या तोंडाकडे आणि मुलाच्या ताटाकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. “अरे, खाल्ले मी मासे. दुकानातले, टिनच्या डब्यातले. दुपारी, तू नसताना. तिने नाही सांगितलं कारण मीच तिला शपथ घातली होती. तुला वास सोसत नाही, तू परत ताटावरून उठशील, म्हटलं कशाला. दुसरं काही घशाखाली उतरत नव्हतं मला. मासा तेवढा जात होता. त्याने ते लोखंड झाकलं जातं. ही बिचारी खिडक्या उघडते, डबे कागदात गुंडाळून खाली नेऊन टाकते, लिंबं घासत बसते चोरासारखी. आणि तू...”

त्यांनी ताट दूर सरकवलं.

“कधीपासून आहे हे लोखंड?” त्याने विचारलं. विचारता विचारताच दुपारचं फोनवरचं स्वतःचं बोलणं त्याला आता, इतक्या उशिरा, शब्दन्‌शब्द ऐकू येऊ लागलं होतं.

“तू ह्या पोटाच्या गोळ्या सुरू केल्यापासून. मागच्या खेपेला नव्हतं असं, ह्या नव्या आहेत. ही पहिल्याच दिवशी म्हणाली, त्याला विचारू या. मीच नको म्हटलं. एवढी दुनिया त्याला विचारते, त्याने विचार करूनच दिल्या असतील ना.”

त्याने विचार केला नव्हता. बाबांनाही गेल्या वर्षी त्याच जंतूचा कोर्स झाला होता; ते परत जळजळ म्हणाले, त्याने येता जाता त्यांचं रक्त घेतलं, हाताशी होती ती तपासणी लावली, पॉझिटिव्ह आली म्हणून घरच्या डॉक्टरला कळवलं आणि डॉक्टरने त्याच्या शब्दावर गोळ्या लिहिल्या. परक्या माणसासाठी जो प्रश्न त्याने झोपेत विचारला असता तो स्वतःच्या बापासाठी जागेपणी सुचला नव्हता. जंतू गेल्याच वर्षी मेला असणार. रक्तात खूण होती, तिलाच त्याने जंतू समजून औषध पाजलं. औषधाने लोखंडाची चव आली, चवीने मासा आणला, माशाने आकडा, आणि आकड्यापायी तो टेबलाशी बसून ताटं बदलत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“जेव,” बायको म्हणाली. “निवतंय.” तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि ती जेवू लागली.

भांडी आवरून झाल्यावर तो ओट्याशी तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. गोळ्यांची चूक, आकडा, तिचं फोनवर थांबणं, बसमधलं सगळं. काही लपवलं नाही. लपवण्याचंही त्राण उरलं नव्हतं. “पहिल्यांदा मनात आलं ते एका क्षणापुरतंच आलं गं,” तो म्हणाला.

तिने फडकं पिळलं, झटकलं आणि नळावर वाळत टाकलं. “एक क्षणच ना?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली आणि दिवा मालवून झोपायला गेली. तिने आदळआपट केली नाही, अबोला धरला नाही, तो शेजारी आडवा झाला तेव्हा पांघरूणही त्याच्या बाजूला सरकवून दिलं. त्याला वाटलं, निभावलं. तिने समजून घेतलं. ती समजूतदार होतीच.

घरच्या डॉक्टरशी बोलून गोळ्या दुसऱ्याच दिवशी बंद झाल्या. आर्सेनिकचे प्रकार वेगळे करणारी तपासणीही आली; सगळं माशातलं, गरीब, निरुपद्रवी. त्याने तो आकडा तिला दाखवायला घरी आणला, तिने हात पुसून कागद घेतला, नीट वाचला आणि परत दिला. दशांशबाईने विचारलं, “सर, त्या क्रमांकाचं काय निघालं?” तो म्हणाला, “मासे खाल्ले होते.” ती हसली. “नेहमीचंच,” म्हणाली. एका दुपारी तो मुद्दाम लवकर आला आणि येताना मासे घेऊन आला, कागदात बांधलेले, बसभर दोन बोटांत लांब धरून. बायकोने ते मुकाट्याने केले. त्याने ताटावर बसून दोन घास खाल्ले. बाबांनी काटे ओळीने लावले.

त्यानंतरची सकाळ. बाबा टेबलाशी बसले होते, दाढी केलेली, मानेभोवती टॉवेल तसाच. तिने चहा ओतला. बाबांचा कप उचलला, ओठांना लावला, एक घोट घेतला, गिळला, आणि मग तो त्यांच्यापुढे ठेवला. हे ती किती दिवस करत होती कुणास ठाऊक. त्याने त्या सकाळी पाहिलं, आणि पाहिल्यावर त्याला आठवलं की काल ताट वाढतानाही चमच्याने भाजी तोंडात घालून मग तिने ते पुढे केलं होतं, आणि परवा दूध देतानाही.

“अगं, उष्टा केलास की,” बाबा म्हणाले.

“साखर बघत होते, बाबा.”

ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. रोजचं एक काम वाढलं होतं आणि ती ते करत होती. त्याला म्हणायचं होतं, नको करूस असं. पण कशाला नको, ते म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. बाबांनी चहा प्यायला, जिभेवर घोळवला आणि समाधानाने मान हलवली.

“गेलं बघ लोखंड,” ते म्हणाले. “आज अगदी चहासारखा चहा लागतोय.”

“लागणारच,” ती म्हणाली. मग तिने दुसरा कप उचलला, त्याचाही एक घोट घेतला, आणि तो नवऱ्यापुढे ठेवला.